आठ कप चहा आणि एक पाइप

पाइपच्या तंबाखूची पारख करणाऱ्यांची स्वतःची एक रीत आहे. डबा उघडला की आधी वास घ्यायचा. पान किती ओलसर आहे ते चिमटीत दाबून पाहायचे. मग पाइपच्या वाटीत तळाशी सैल आणि वर किंचित घट्ट अशी तंबाखू भरायची, पेटवायची, फुगून वर आलेला थर हलकेच दाबायचा, पुन्हा पेटवायची आणि सावकाश, घोट घेतल्यासारखा धूर ओढायचा. थोडा धूर नाकावाटे सोडायचा, कारण खरी चव तेथेच उलगडते असे जाणकार सांगतात. शेवटी तळाची राख पांढरी आहे की काळपट, जीभ चुरचुरली का, खोलीत मागे कोणता वास रेंगाळला, याची नोंद करायची. या नोंदींत चामडे, धूप, ओले लाकूड, सुके अंजीर असे शब्द येतात. ‘इंग्लिश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिश्रणाच्या परीक्षणात तर विझलेली शेकोटी हमखास असते.

मी धूम्रपान करीत नाही. माझा रोजचा संबंध मोजमापाच्या उपकरणांशी येतो. त्यामुळे अशी परीक्षणे वाचताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो: येथे उपकरण कोणते, आणि ते तपासले कोणी? या प्रश्नाचा इतिहास शोधू लागले की वाट इंग्लंडमधील एका शेती-संशोधन केंद्राच्या चहाच्या टेबलापाशी जाते, तेथून कोलकात्याला वळते आणि अखेर मुंबईत परळच्या एका रुग्णालयाशी येऊन थांबते. त्या वाटेवरचा मुख्य माणूस विसाव्या शतकातील थोर संख्याशास्त्रज्ञ होता, आणि तो स्वतः पाइप ओढत असे.

आधी त्या मिश्रणाविषयी. नावात इंग्लंड असले तरी त्यातले एकही पान इंग्लंडच्या मातीतले नसते. त्यात तीन घटक प्रमुख. पहिली व्हर्जिनिया: मूळची अमेरिकी, पिवळसर, गोडसर. दुसरी ओरिएंटल: तुर्कस्तान, ग्रीस, मॅसेडोनिया या भागांतील लहान पानांची, उन्हात वाळवलेली, सुगंधी. तिसरी लताकिया: सिरियातील त्याच नावाच्या बंदरावरून ओळखली जाणारी आणि पुढे सायप्रसमध्येही तयार होऊ लागलेली. लताकियाची पाने आधी उन्हात वाळवतात आणि मग लाकडांच्या व सुगंधी झुडपांच्या मंद धुरावर कित्येक आठवडे टांगून ठेवतात. पान काळे पडते आणि लाकडी धुरातील फिनॉल वर्गाची संयुगे त्यात मुरतात. म्हणजे परीक्षणातली शेकोटी ही कविकल्पना नव्हे. ती शेकोटी खरोखर पेटलेली असते, फक्त फार आधी आणि दूरदेशी.

हे मिश्रण असे घडण्यामागे कायद्याचाही हात आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश कायद्यांनी तंबाखूत साखर, मळी यांसारखे पदार्थ मिसळण्यावर कडक बंधने घातली. तंबाखूवरील कर हा सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. भेसळीने वजन वाढले की तेवढ्या वजनावरचा कर बुडत असे. त्यामुळे ब्रिटनमधील कारागिरांना चव बाहेरून घालता येईना. ती पानांतूनच काढावी लागली. कोणत्या पानाला कोणत्या रीतीने सुकवायचे आणि कशाच्या शेजारी ठेवायचे, यातच त्यांचे कौशल्य पणाला लागले.

व्हर्जिनियाचा गोडवा हे याचे उत्तम उदाहरण. हिरवी पाने तोडून बंद कोठीत टांगतात आणि धूर पानांना लागू न देता लोखंडी नळ्यांतून उष्णता फिरवतात. पहिल्या टप्प्यात मंद उबेत पान अजून जिवंत असते. त्यातील विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. पान पिवळे झाले की तापमान वाढवून पाणी काढून टाकतात. विकरांचे काम थांबते आणि शर्करा पानात अडकून राहते. नॉर्थ कॅरोलायनामध्ये स्टीफन नावाच्या एका गुलाम तरुणाच्या हातून १८३९ मध्ये या सोनेरी पानाचा शोध अपघाताने लागला, असे सांगितले जाते. कोठीतली आग विझत आली होती. त्याने घाईने कोळसा टाकला आणि अचानक वाढलेल्या उष्णतेने पाने झळाळून निघाली.

हे पान १९२० च्या दशकात आंध्रातील गुंटूर परिसरात व्यापारी पीक म्हणून रुजले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, राजमहेंद्रीला केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था उभी राहिली आणि १९७६ मध्ये गुंटूरला तंबाखू मंडळ स्थापन झाले. लिलावाच्या फडावर गठ्ठ्यांची प्रत रंग पाहून, पान हाताळून आणि हुंगून ठरवण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. पारखी माणसाच्या जाणिवेवर शेतकऱ्याला मिळणारा भाव अवलंबून असतो. तेव्हा या जाणिवेची विश्वासार्हता हा केवळ शौकीन मंडळींचा प्रश्न उरत नाही.

मग ही जाणीव कितपत भरवशाची? जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच मूळ चवी कळतात. बाकी सारे काम नाकाचे. तोंडातली बाष्पे घशामागून वर चढून नाकाच्या छतापाशी पोहोचतात आणि तेथील ग्राहक प्रथिने त्यांना ओळखतात. ही प्रथिने घडवणाऱ्या जनुकांचे मोठे कुल लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधले. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. धूर नाकावाटे सोडण्याचा पाइपवाल्यांचा सल्ला शरीरविज्ञानाला धरूनच आहे.

परंतु नाकाने दिलेली वार्ता मेंदूपर्यंत एकटी जात नाही. डोळ्यांनी पाहिलेले, डब्यावर वाचलेले, मित्राने सांगितलेले असे सारे तिच्यात मिसळते. फ्रान्समधील बोर्दो येथे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मद्यपरीक्षणाच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी राखीव असलेल्या शब्दांत केले. ते विद्यार्थी खोटे बोलत नव्हते. त्यांना तसाच वास आला होता. काळेभोर लताकिया पाहणाऱ्याला शेकोटीचा वास येतो, तेव्हा त्यातला किती वास पानाचा आणि किती काळ्या रंगाचा, हे केवळ त्याला विचारून कळणार नाही.

कळण्याचा मार्ग एका चहाच्या टेबलावर सापडला. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती-संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रुजू झाले. तेथे शैवालांच्या अभ्यासक म्युरिएल ब्रिस्टल यांना एकदा त्यांनी चहाचा कप पुढे केला. बाईंनी तो नाकारला. कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे मला चवीवरून कळते, आणि मला दूध आधी घातलेला चहा आवडतो, असे त्यांचे म्हणणे. फिशर यांना ते पटेना. शेजारी असलेले रसायनशास्त्रज्ञ विल्यम रोच यांनी सुचवले की, वाद कशाला, पाहूनच घेऊ. पुढे याच रोच यांच्याशी ब्रिस्टल यांचा विवाह झाला.

फिशर यांनी १९३५ मध्ये ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या ग्रंथात हा प्रसंग बाईंचे नाव न घेता मांडला आणि त्यातून प्रयोगरचनेचे आधुनिक शास्त्र उभे केले. मांडणी अशी: आठ कप घ्यायचे. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. कप कोणत्या क्रमाने द्यायचे ते निव्वळ दैवावर सोपवायचे. बाईंना एवढेच ठाऊक की दोन्ही प्रकारचे चार-चार कप आहेत. आठांतून चार कप निवडण्याचे ७० प्रकार आहेत. बाईंना काहीच कळत नसेल, तर केवळ अंदाजाने सारे बरोबर येण्याची शक्यता ७० पैकी १, म्हणजे साधारण १.४ टक्के. एकच अदलाबदल झाली, म्हणजे चारांपैकी तीन बरोबर आले, तर मात्र पुरावा ढासळतो, कारण निदान इतके यश अंदाजाने मिळण्याची शक्यता ७० पैकी १७ आहे. सहाच कप घेतले असते, तर पूर्ण यशाचीही शक्यता २० पैकी १ झाली असती. आठ हा आकडा या हिशेबातून आलेला आहे. बाईंनी आठही कप बरोबर ओळखले, असे नंतरच्या आठवणींतून कळते.

या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे क्रम दैवावर सोपवणे. कप गरम आहे, साखर कमी-जास्त आहे, ओतणाऱ्याचा हात थरथरला, अशी शंभर कारणे निकाल बिघडवू शकतात. त्यांची यादी करून ती सारी एकेक दूर करणे अशक्य. परंतु क्रम यादृच्छिक असेल, तर त्यांपैकी कोणतेही कारण एका प्रकारच्या कपांची बाजू नियमाने घेऊ शकत नाही.

आता हीच कसोटी पाइपला लावून पाहू. समजा, एखादा पारखी म्हणतो की सिरियाची लताकिया आणि सायप्रसची लताकिया मी धुरावरून वेगळी ओळखतो. डोळे बांधावे लागतील, हे उघड आहे. लाकडी पाइपमध्ये आधीच्या तंबाखूचा वास मुरलेला असतो, म्हणून मातीचे कोरे पाइप घ्यावे लागतील. दोन्ही तंबाखूंतील ओलावा सारखा ठेवावा लागेल, कारण कोरडी तंबाखू भडकून जळते आणि चव करपते. अणुकेंद्राचा शोध लावणारे अर्नेस्ट रदरफोर्ड आपली तंबाखू इतकी वाळवत की त्यांच्या पाइपमधून ज्वालामुखीसारख्या ठिणग्या उडत, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. चव पारखण्याच्या स्पर्धेत त्यांचा निभाव लागला नसता.

खरी अडचण पुढे आहे. चहाचे आठ कप एका बैठकीत चाखता येतात; आठ पाइप ओढता येत नाहीत. तिसऱ्याच पाइपला जीभ बधिर होईल आणि डोके गरगरेल. यावर फिशर यांच्याच शास्त्रात उपाय आहे. शेतात जमिनीचा कस जागोजागी बदलतो, म्हणून ते शेताचे लहान गट पाडत आणि प्रत्येक गटाच्या आत वाणांची तुलना करीत. येथे दिवस हाच गट मानावा. रोज दोन पाइप, एक सिरियाचा व एक सायप्रसचा. कोणता आधी ते नाणे उडवून ठरवायचे. चार दिवस चारही जोड्या बरोबर आल्या, तरी अंदाजाने तसे घडण्याची शक्यता १६ पैकी १ उरते. पाचव्या दिवशी ती ३२ पैकी १ होते आणि फिशर यांनी रूढ केलेल्या ५ टक्क्यांच्या सीमेखाली जाते. चहाला एक दुपार पुरली. पाइपला निदान पाच दिवस हवेत.

एवढे करूनही एक गोष्ट शिल्लक राहते, आणि ती भौतिकशास्त्राच्या माणसाला विशेष खुपते. पाण्याच्या एका थेंबाचे तापमान मोठ्या तापमापकाने मोजायला गेलो, तर तापमापक थेंबाचे तापमान बदलून टाकतो. येथे उलटा प्रकार आहे: मोजायची वस्तूच उपकरण बदलते. धुरातील निकोटिन रक्तावाटे मेंदूत पोहोचते आणि पारख्याची मनःस्थिती पालटते. सवय जडलेल्या माणसाला पहिल्या पाइपात जे समाधान लाभते, त्यात चवीचा वाटा किती आणि तलफ शमल्याचा किती, हे त्याला स्वतःला आतून सांगता येत नाही. ‘ही सिरियाची की सायप्रसची’ या प्रश्नाचे उत्तर तो देऊ शकेल. ‘ही मला का आवडते’ या प्रश्नावर त्याची साक्ष दूषित आहे. आणि ‘ही मला काय करते’ या प्रश्नावर तर जीभ आणि नाक साक्षीदारच नाहीत.

हा शेवटचा प्रश्न १९५० मध्ये चव्हाट्यावर आला. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या ७०९ रुग्णांची तुलना इतर आजारांच्या ७०९ रुग्णांशी केली. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे अवघे २ निघाले. तुलनेच्या गटातील तेवढ्याच पुरुषांत २७. डॉल स्वतः सिगारेट ओढत असत. आकडे हाती आल्यावर त्यांनी ती सोडली. पुढे १९५१ मध्ये दोघांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या सवयी आधीच नोंदवून घेतल्या. सुमारे ४०,००० डॉक्टरांनी उत्तरे दिली. त्यांच्यात पुढे कोण कशाने मरते, याची मोजदाद सुरू झाली. हेच हिल १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध चाचणीमागेही होते. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे ते दैवावर सोपवण्याची त्या चाचणीतील रीत फिशर यांच्या विचाराच्याच कुळातली.

आणि या निष्कर्षाला सर्वांत प्रखर विरोध केला तो फिशर यांनी. १९५७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आणि १९५८ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांची पत्रे आली. तंबाखू उत्पादकांच्या समितीचे ते सल्लागारही झाले. त्यांचे मुद्दे पोरकट नव्हते. चहाच्या प्रयोगात कोणता कप कोणाला हे प्रयोगकर्ता ठरवतो. सिगारेट ओढायची की नाही हे ओढणारा स्वतः ठरवतो. मग ओढणारे आणि न ओढणारे यांच्यात आधीपासूनच काही भेद असेल तर? एखादे जनुक माणसाला धूम्रपानाकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही नेत असेल तर? एकरूप जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा अधिक जुळतात, ही माहिती त्यांनी पुढे केली. शिवाय डॉल आणि हिल यांच्याच आकड्यांत, धूर छातीत घेतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण कर्करोगाच्या रुग्णांत उलट थोडे कमी दिसत होते. त्यावरही त्यांनी बोट ठेवले.

तर्क म्हणून हा आक्षेप आजही प्रत्येक विद्यार्थ्याने शिकावा असा आहे. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. परंतु शंका उपस्थित करणे हे संशोधनाचे अर्धे काम झाले. ती शंका किती मोठी असावी लागेल, हे मोजणे उरलेले अर्धे. ते काम १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांचा मुद्दा सोपा आहे. सिगारेट ओढणाऱ्यांना न ओढणाऱ्यांच्या ९ पट धोका दिसत असेल आणि त्याचे सारे श्रेय एखाद्या छुप्या घटकाला द्यायचे असेल, तर तो घटक ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांच्या निदान ९ पट आढळला पाहिजे. असे जनुक, अशी प्रकृती, असा स्वभाव कोणीही दाखवू शकले नव्हते. छुपा घटक ‘असू शकेल’ म्हणणे सोपे. एवढा मोठा घटक लपून राहणे अवघड.

आता वाट भारताकडे वळते. फिशर आपल्या देशाला परके नव्हते. कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. जानेवारी १९३८ मध्ये तेथे भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेचे अध्यक्ष फिशर होते. त्यानंतरही ते अनेकदा भारतात आले. पुढे जगद्विख्यात झालेले सी. आर. राव यांनी केंब्रिजला त्यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन केले. वा. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा शेती-संशोधकांसाठीचा ग्रंथ १९५४ मध्ये निघाला आणि त्यातून देशभरातील कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्या शेताचे गट पाडायला आणि वाण यादृच्छिकपणे लावायला शिकल्या. चहाच्या टेबलावरचा धडा आपल्या शिवारापर्यंत पोहोचला होता.

आणि याच काळात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दुसरी एक मोजणी चालू होती. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांना एक गोष्ट सतत दिसत होती: पाश्चात्त्य देशांत विरळा असलेले तोंडाचे आणि घशाचे कर्करोग येथे विपुल आहेत. तोंडाच्या कर्करोगाचा तंबाखूशी असलेला संबंध नवा नव्हता. जर्मन शरीरविद् सोमरिंग यांनी पाइप ओढणाऱ्यांत ओठाचा कर्करोग अधिक दिसतो, असे १७९५ मध्येच नोंदवले होते. परंतु नोंद आणि मोजणी यांत अंतर असते. सांघवी, राव आणि खानोलकर या तिघांनी रुग्ण आणि तुलनेचा गट यांच्या सवयी पद्धतशीर विचारून आपला निबंध १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. नियतकालिक तेच, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’. फिशर यांच्या पत्राच्या दोन वर्षे आधी.

त्या निबंधातील एक गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाच्या पोकळीतील कर्करोग ठळक होते. विडी ओढणाऱ्यांत जिभेचे मूळ आणि घसा यांकडचे. म्हणजे तंबाखू ज्या वाटेने शरीराला भिडते, त्या वाटेवर रोग उमटतो. आंध्रच्या किनारपट्टीत काही स्त्रिया चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढतात. त्यांच्यात टाळूचा कर्करोग आढळला. आता फिशर यांचे काल्पनिक जनुक येथे लावून पाहा. ते माणसाला तंबाखूकडे ओढते, कर्करोगही देते, एवढे मानून भागत नाही. चघळणाऱ्याला गालात, ओढणाऱ्याला घशात आणि उलटा चुट्टा ओढणारीला नेमका टाळूवर कर्करोग द्यायचे ज्ञानही त्या जनुकाला असावे लागेल. निसर्गाने जणू प्रयोगाची मांडणी करून ठेवली होती. फुफ्फुस शरीरात खोल दडलेले असते. तोंड उघडे असते. जे लंडनमध्ये आकडेमोडीतून काढावे लागले, ते परळमध्ये आरसा धरून पाहता येत होते.

फिशर यांनी आपले मत अखेरपर्यंत बदलले नाही. १९६२ मध्ये अ‍ॅडलेड येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हट्टामागे काय होते, याविषयी वेगवेगळी मते आहेत: उद्योगाकडून मिळणारे मानधन, प्रचाराची जात्याच असलेली चीड, भांडखोर स्वभाव, किंवा ओठांतला पाइप. माणसाच्या मनाचा असा वाटा-वाटा हिशेब करणे शक्य नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्याच्या जिभेची परीक्षा कशी घ्यावी हे ज्यांनी जगाला शिकवले, त्यांनी स्वतःला प्रिय असलेल्या वस्तूबाबत दुसऱ्या कोणाची मोजणी मान्य केली नाही. ते चुकले, तरी त्यांची पद्धत चुकली नाही. त्यांच्या चुकीचा उलगडाही त्याच शास्त्राच्या भाषेत झाला. विज्ञानाचे बळ शास्त्रज्ञाच्या थोरवीत नसून असे परस्परांना तपासण्यात आहे, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

पाइपच्या पारख्याकडे परत येऊ. त्याची शेकोटी खरी आहे, त्याचा गोडवाही खरा आहे. ती फिनॉल, ती शर्करा रसायनशास्त्रज्ञ मोजून दाखवू शकतो. परंतु पाने सुकताना आणि मुरताना निकोटिनसारख्या अल्कलॉइडांपासून तयार होणारी नायट्रोसामाइन्स, ज्यांपैकी दोन निश्चित कर्करोगजनकांच्या जागतिक यादीत आहेत, त्यांची चव कोणत्याही परीक्षणात नोंदवलेली सापडणार नाही. त्यांना ओळखण्याची क्षमताच जिभेला उत्क्रांतीने दिलेली नाही. कडू लागेल ते विष असावे, एवढाच ढोबळ इशारा तिला देता येतो, आणि मिश्रण करणाऱ्याचे सारे कौशल्य तो कडवटपणा झाकण्यात खर्ची पडलेले असते. जे मिश्रण उत्तम जमले, त्यात जिभेचा इशारा सर्वांत कमी ऐकू येतो.

पाइप आपल्याकडे थोड्यांचाच शौक आहे. तंबाखू मात्र तशी नाही. २०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख माणसे, कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होती. त्यांत धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा चघळणारे अधिक. त्या पुड्यांमध्येही वेलची, गुलाब, केवडा आहे. तेथेही चवीचे परीक्षण करणारी, अमुक पुडी हलकी आणि तमुक पुडी निर्धोक असे खात्रीने सांगणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या जिभेला फसवे म्हणण्याचे कारण नाही. तिला जो प्रश्न विचारला जातो, तोच चुकीचा आहे.

म्युरिएल ब्रिस्टल यांनी त्या दुपारी एक गोष्ट मुकाट्याने मान्य केली होती: कप मी भरणार नाही, क्रम मी ठरवणार नाही, आणि निकाल लागेल तो मला मान्य असेल. आपल्या आवडीविषयी बोलताना एवढे मान्य करायला मोठे धैर्य लागते. विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी आपल्या सर्वांत लाडक्या खात्रीपुढे असे आठ कप मांडून पाहावेत, आणि ते दुसऱ्याला भरू द्यावेत.